घरचे नाव आणि शाळेतले नाव
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



अल्बेनियातून ग्रीसमध्ये गेलेल्या कुटुंबांतील मुलांविषयी मी आज चार शब्द सांगणार आहे. मदर तेरेसांचे घराणे अल्बेनियन, एवढे आपल्याला ठाऊक असते. माझेही ज्ञान त्यापुढे जात नव्हते.

१९९० पर्यंत त्या देशातून पळून जाणे म्हणजे देशद्रोह. राजवट ढासळू लागली तशी माणसे डोंगर तुडवीत ग्रीसमध्ये उतरली. पुरुष बांधकामावर नि शेतावर राबले. बायकांनी परक्यांची घरे झाडली, म्हाताऱ्यांची शुश्रूषा केली. काम मिळावे, मुलांना कोणी हिणवू नये, म्हणून पुष्कळांनी नावे बदलली. द्रिता म्हणजे प्रकाश, फ्लुतुरा म्हणजे फुलपाखरू. अशा नावांच्या मुली शाळेत मारिया नि एलेनी झाल्या. लग्नात ताटातल्या तांदळांवर जिचे नवे नाव लिहिले गेले, तिला मी हे जास्त सांगायला नको. पण आपल्याला निदान माहेर तरी होते! या मुलांचे माहेर सुट्टीपुरते. तिकडे आजोळी त्यांना ‘ग्रीक’ म्हणत, इकडे ‘अल्बेनियन’.

२००० साली थेसालोनिकीजवळच्या एका गावी राष्ट्रीय सणाच्या संचलनात ध्वज धरण्याचा मान पहिल्या आलेल्या अल्बेनियन मुलाकडे आला. गावाने कल्लोळ केला. मुलाने मान सोडला. २००३ साली तो मान पुन्हा त्याच्याकडे आला नि पुन्हा तेच घडले. ग्रीसमध्ये जन्मून तिथेच शिकणाऱ्या मुलांना नागरिकत्व देणारा २०१० चा कायदा न्यायालयात टिकला नाही. २०१५ साली दुसरा करावा लागला.

अल्बेनियनमध्ये ‘मल्’ म्हणजे हुरहूर. ती ‘येते’ असे ते म्हणत नाहीत. हुरहुरीने मला धरले, असे म्हणतात. आईला गावाच्या हुरहुरीने धरले तर नवल नाही. पण ज्या मुलाने ते गाव सोडलेच नाही, त्याला कशाने धरावे? आई अल्बेनियनमध्ये विचारते, मूल ग्रीकमध्ये उत्तर देते, आणि तरी कोणी अल्बेनियाला नावे ठेवली की त्याच्याच डोळ्यांत पाणी!

पुढे ग्रीसमध्ये मंदी आली, कामे गेली, नि २०१० नंतर कितीतरी कुटुंबे परतली. आईबापांच्या मते ती घरी आली. मुलांना मात्र अल्बेनियन धड लिहिता येईना, वर्गात ती मागे पडली. आता त्यांना हुरहूर लागली ती ग्रीसची. भावंडे आपापसांत ग्रीक बोलत, आणि ज्या आजीसाठी एवढे परत यायचे, ती बिचारी जवळ बसून नुसती ऐकत राही.