मूळ रहिवासी कोणास म्हणावे?

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



चिटणीसांनी आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. विद्वत्तेचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु संघातर्फे सिद्ध होत असलेल्या ज्ञातीच्या इतिहासाचा मसुदा आमच्या वाचनात आला आणि त्याच्या पहिल्याच वाक्याशी आम्ही थबकलो. ते वाक्य असे की, आपली ज्ञाती ही या भूमीची मूळ रहिवासी होय. आजचे आमचे बोलणे या एका वाक्यापुरतेच आहे.

मूळ रहिवाशास इंग्रजीत 'इंडिजिनस' म्हणतात. लॅटिन भाषेतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'त्या भूमीत जन्मलेला' एवढाच आहे. या अर्थाने देशी गाय, देशी बाभूळ आणि आपण सारे एकाच पंक्तीत बसतो आणि वादाचे कारण उरत नाही. परंतु आंतरराष्ट्रीय व्यवहारात या शब्दास निराळा, जबाबदारीचा अर्थ प्राप्त झाला आहे. १९५७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने अशा लोकांविषयी पहिला करार केला व भारताने तो १९५८ साली मान्य केला. या लोकांना हळूहळू इतर समाजात मिसळून घ्यावे, असा त्या कराराचा रोख होता. १९८९ च्या नव्या कराराने ती दृष्टी टाकून दिली आणि त्यांना त्यांच्या रीतीने जगण्याचा हक्क आहे असे मानले. हा दुसरा करार मात्र भारताने स्वीकारलेला नाही. पुढे १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत केला.

नवल असे की, या जाहीरनाम्यात मूळ रहिवासी कोण याची व्याख्या दिलेली नाही. तथापि जाणत्यांनी काही खुणा सांगितल्या आहेत. बाहेरची सत्ता वा वसाहत येण्यापूर्वीपासून त्या भूमीशी चालत आलेला संबंध, ही पहिली. निराळी भाषा, रीत व उपजीविका, ही दुसरी. राज्यात व समाजात सत्ता त्यांच्या हाती नसणे, ही तिसरी. आणि आपण निराळे आहोत असे त्यांना स्वतःस वाटणे व ते निराळेपण पुढील पिढीच्या हाती देण्याची इच्छा असणे, ही चौथी. आपल्या मसुद्यात पहिल्या खुणेचा उच्चार आहे. तिसरीचे नावही नाही.

केवळ प्राचीनत्व हे माप नव्हे, याचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडचे माओरी लोक होत. ते समुद्रमार्गे त्या बेटांवर पोचले ते सुमारे तेराव्या-चौदाव्या शतकात. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी सिद्ध होत होती त्या सुमारास. तरीही ते तेथील मूळ रहिवासी मानले जातात. कारण १८४० साली वैतांगी येथे इंग्रजी राजसत्तेशी तह झाला आणि त्यानंतर त्यांची बहुतेक जमीन त्यांच्या हातून गेली. उलट नॉर्वेमध्ये नॉर्वेजियन लोकही पुरातन काळापासून राहतात. पण हा शब्द लावला जातो तो रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांना. राज्य, शाळा व कायदा नॉर्वेजियनांचा होता आणि सामी मुलांना शाळेत आपली भाषा सोडावी लागत होती.

ऑस्ट्रेलियाची कथा याहून बोलकी आहे. १७८८ साली इंग्रजांनी तेथे वसाहत केली, तेव्हा हजारो वर्षे नांदत आलेली माणसे समोर असूनही ती भूमी कोणाच्याच मालकीची नाही, असे धरून कारभार चालला. एडी माबो या बेटवासी गृहस्थाने आपल्या बेटावरील जमिनीसाठी दावा लावला. १९९२ साली वरिष्ठ न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल देऊन ते जुने गृहीतक मोडीत काढले. तो निकाल ऐकावयास माबो हयात नव्हता.

आता आपल्या देशाकडे वळू. १९३८ साली छोटा नागपुरात आदिवासी महासभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष जयपालसिंग मुंडा यांनी पुढे घटना समितीत 'आदिवासी' याच शब्दाचा आग्रह धरला. परंतु घटनेने 'अनुसूचित जमाती' हा शब्द पत्करला. २००७ च्या जाहीरनाम्यास भारताने अनुकूल मत दिले खरे, पण स्वातंत्र्यानंतर सर्वच भारतीय मूळ रहिवासी आहेत, अशी भूमिका घेतली. या भूमिकेस काही आधार नाही असे नव्हे. भारतातील जवळजवळ प्रत्येक समाज अनेक प्राचीन समूहांच्या मिश्रणातून झाला आहे, असे आनुवंशशास्त्र सांगते. परंतु रक्त कोणाचे किती जुने हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हा प्रश्न उरतोच.

आमची बहुतेक नोकरी रायगड जिल्ह्यात झाली. तेथील कातकऱ्यांचे नाव खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. इंग्रजी अमदानीत जंगले सरकारजमा झाली आणि तो धंदा बुडाला. दिवाळी सरली की आमच्या हजेरीपटावरील कातकरी मुलांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होत, कारण आईबाप त्यांना घेऊन वीटभट्टीवर जात ते पावसाळ्याच्या तोंडाशी परत येत. त्याहून विलक्षण गोष्ट ही की, कित्येक कातकरी वाड्यांतील झोपडीखालची जमीनही त्यांच्या नावे नसते. सातबारावर नाव दुसऱ्याचे. मालकाने जागा विकली की वाडी उठली.

बंधुभगिनींनो, आपल्याच मसुद्याचे तिसरे प्रकरण पाहावे. पूर्वज घाटावरून खाली उतरले, त्यांना सनद मिळाली व जमिनी इनाम मिळाल्या, हे तेथे मोठ्या अभिमानाने लिहिले आहे. अभिमान जरूर असावा. पूर्वजांनी कष्टही केले आहेत. पण ज्यांना जमिनीचा कागद मिळाला ते आपण. ज्यांना मिळाला नाही ते कातकरी, ठाकर, वारली. ज्याच्या हाती सनद आहे त्याने मूळ रहिवासी ही पदवीही घ्यावी, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. ही पदवी मानाची पगडी नसून गमावलेल्या गोष्टींची मागणी आहे, आणि ती मागणी दुसऱ्यास येथून हुसकावण्याचीही नव्हे.

ही मागणी पुरी होऊ शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावास जंगलावरील सामूहिक हक्क मिळण्याची वाट मोकळी झाली आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने २००९ साली तो हक्क मिळवून दाखविला.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, इतिहासातील ते वाक्य वगळून 'आपले पूर्वज येथे येऊन स्थायिक झाले' असे खरे वाक्य घालावे. दुसरी सूचना अधिक कठीण आहे. ज्या सभासद कुटुंबांच्या जमिनीवर कातकऱ्यांची घरे उभी आहेत, त्यांनी निदान घरांखालची जागा त्यांच्या नावे होण्यास संमती द्यावी. अशी कुटुंबे या सभागृहात आहेत, हे आम्ही जाणतो. जागा फार नाही. पण देणाऱ्यास ती आपलीच वाटते, हेही आम्ही जाणतो. कार्यकारी मंडळाने हा विषय पुढील बैठकीत घ्यावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.