पोच मागायला शिका
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सरकारी कारभार सुधारला पाहिजे, असे आपण सारेच म्हणतो. त्यात आपला वाटा कोणता, याविषयी दोन शब्द बोलणार आहे.

दहावी-बारावीचा निकाल लागला, की जळगाव-धुळ्याकडे दाखल्यांसाठी धावपळ सुरू होते. आपल्यातील तांबोळी, पिंजारी अशा इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलांना जातीचा व नॉन-क्रिमीलेयरचा दाखला लागतो. तो वेळेत मिळाला नाही, तर गुण असूनही राखीव जागा हातची जाते. मग घाबरलेला बाप दलाल गाठतो आणि मजुरीचे पैसे त्याच्या हातावर ठेवतो.

ही लाचारी संपावी म्हणून महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. कोणत्या सेवेला किती दिवस लागतील आणि जबाबदार अधिकारी कोण, हे कचेरीने फलकावर लावलेच पाहिजे. अर्जाची पोच मिळते; तीवर क्रमांक व मुदत असते. अर्ज फेटाळल्यास कारण लेखी द्यावे लागते. मुदत टळली, तर वरिष्ठाकडे ३० दिवसांत पहिले अपील करावे, मग दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. सबळ कारणाविना काम अडविणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

परंतु कायदा आपण होऊन चालत नाही. पैसे देऊन काम झाले, की आपण गप्प बसतो. उशीर कोठे झाला हे वरिष्ठांना कळत नाही आणि उद्या शेजाऱ्याच्या मुलालाही तेच भोगावे लागते. एक लेखी अपील पुढच्या दहा जणांची वाट मोकळी करते.

थोडे आपल्या घरातही पाहू या. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. ‘शेख’ कोठे आधी, कोठे शेवटी. मग अर्ज परत आला, तर दोष कोणाला द्यावा? इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेतील नोंदीचा उतारा निकालाच्या आठवड्यात शोधून कसा सापडेल? मूल नववीत असतानाच कागद जमवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला लिहिता-वाचता येते. मोहल्ल्यातील निरक्षर आजीचा अर्ज भरून द्या, मोबदला घेऊ नका आणि पोच तिच्या हाती द्या. शिक्षणाचा एवढा उपयोग झाला, तरी ही शाळा सार्थकी लागली असे मी समजेन.

जय हिंद, जय महाराष्ट्र. खुदा हाफिज.