बदललेला माणूस ओळखू या



हिंगोली जिल्ह्यातल्या आरोग्य परिषदेचं अध्यक्षपद मनोविकारतज्ज्ञाकडे द्यावं असं आपल्याला वाटलं, याबद्दल आभार. मनाचा विषय बहुधा जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या सत्रात ठेवतात. आज तो सकाळी आला, ही प्रगतीच म्हणायची.

नैराश्याची लक्षणं इथं अनेकांना पाठ असतील. दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहणं किंवा कशातच गोडी न वाटणं; जोडीला झोप आणि भूक बिघडणं, लक्ष न लागणं, थकवा, स्वतःला दोष देणं, जगणं नकोसं होणं. यादी बरोबर आहे. पण ती घेऊन ओपीडीत कुणी येत नाही. माणसं म्हणतात, डोकं जड पडलंय, अंग मोडून येतंय, गॅस धरतोय, हातापायाला मुंग्या येतात, एक सलाईन लावा. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर गोव्यातल्या बायकांच्या अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचाही मानसिक त्रासाशी घट्ट संबंध आढळला.

मग ओळखायचं कसं? माझं सांगणं एवढंच आहे : माणूस यादीशी ताडून बघण्याआधी त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी ताडून बघा. हळद शिजवायच्या कुकरपाशी सगळ्यांच्या आधी हजर असणारा गडी यंदा बांधावर नुसता बसून राहतो. एकादशीला न चुकता नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला जाणारे आजोबा ‘आता कशाला’ म्हणतात. कुणाला पहाटे तीनला जाग येते आणि सकाळच सगळ्यात अवघड जाते. बाळंतीण ‘माझ्याच्यानं हे पोर सांभाळणं होत नाही’ म्हणत भिंतीकडे तोंड करून पडते. दहावीतला पोरगा रडत नाही, अंगावर धावून येतो. बाप्या माणसाची दारू वाढते, भाऊबंदांच्या लग्नाला जाणं तो टाळतो, वाजणारा फोन तसाच वाजू देतो.

हे बदल मला ओपीडीतल्या दहा मिनिटांत दिसत नाहीत. ते आशाताईंना दिसतात, कारण तो माणूस आधी कसा होता हे त्यांना ठाऊक असतं. २०१५ साली राज्य शासनानं शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सुरू केलेला ‘प्रेरणा प्रकल्प’ पुढे विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आला. त्यात आपला हिंगोलीही आहे. त्याचा खरा आधार आशाच आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे (२०१५-१६) नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना राहतात. त्यांचं घर दाखवू शकेल असं दुसरं कोण आहे?

यावर गावात एक रोकडा सवाल येतो : सोयाबीनला भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे, आणि तुम्ही गोळ्या देता? सवाल रास्त आहे. भाव नसल्याचं दुःख हा आजार नव्हे, आणि त्याला मी गोळी देणारही नाही. पण सारखंच कर्ज असलेल्या दोघांपैकी एक जण बँकेत खेटे घालतो, भांडतो. दुसऱ्याला कपाटातून सातबारा काढण्याचंही बळ उरत नाही. ते गेलेलं बळ हे आजाराचं लक्षण आहे, आणि उपचारांनी ते परत येऊ शकतं. भावाची लढाई लढायलाही तेच लागतं.

संशय आला की दोनच प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागेनासं झालंय का? उदास, हताश वाटतंय का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं न घाबरता विचारा : जीव नकोसा होतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं हलवा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ‘टेलीमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो. आणि ‘मन घट्ट कर’ हा सल्ला तेवढा देऊ नका. जमत असतं तर त्यानं ते केव्हाच केलं असतं.

घरच्यांना हेही सांगा, की नैराश्याच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यांची सवय लागेल ही भीती खोटी आहे, आणि बरं वाटलं म्हणून ती मनानं बंद करू नयेत.

शेवटी परिषदेपुढे एक सूचना ठेवतो. आशाताईंनी चिठ्ठी देऊन पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे त्यांना कळवण्याची सोय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. नैराश्याची औषधं तिथंच मिळावीत. आणि या कामाचा मोबदला आशाताईंना वेळेवर मिळावा. एवढा ठराव आज मंजूर करून आपण उठावं, अशी विनंती करतो आणि थांबतो.