उघडिपीचे चार दिवस

वादळ येणार हे आता गावोगावी आधी कळतं. मोबाइलवर पिवळा इशारा येतो, नारिंगी येतो, वाड्या-वस्त्यांवरच्या गटांत तो दहा वेळा फिरतो. पण वादळ सरलं, आता पुढचे तीन-चार दिवस कोरडे जाणार, ही बातमी मात्र तितक्या आवाजात कुणी सांगत नाही. इशारा माणसाला घरात बसवतो; शेतात नेणारी बातमी ती ही दुसरी. परळी तालुक्यातल्या धर्मापुरीसारख्या गावाला हे कोरडे दिवस किती मोलाचे असतात, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

ऐन हिवाळ्यात आपल्याकडे आभाळ येतं, त्याची सुरुवात बहुतेक वेळा फार लांब झालेली असते. भूमध्य समुद्राकडून निघालेले वाऱ्यांचे आवर्त इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर येतात. हवामान खातं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं. हिवाळ्यात महिन्याला असे चार-पाच तरी येतात. काश्मीर, हिमाचलात त्यांचा बर्फ होतो आणि आपण तो टीव्हीवर पाहतो. बहुतेक विक्षोभ तिकडूनच पूर्वेला निघून जातात. पण एखादा दक्षिणेकडे खोल उतरतो. वरच्या थरातली त्याची थंड हवा आणि समुद्रावरून आलेली खालची दमट हवा मध्य भारतावर एकमेकींना भिडतात, ढग उंच चढतात आणि विदर्भ-मराठवाड्यावर पाऊस, वीज, गारा कोसळतात. डोंगरातल्या त्या बर्फाचा आणि बालाघाटातल्या आपल्या आडव्या पडलेल्या ज्वारीचा संबंध हा असा आहे.

11 फेब्रुवारी 2018 आठवून पाहा. रविवार होता. जालना आणि बीड जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत गारा पडल्या. गहू, हरभरा, ज्वारी झोपली, द्राक्षं, मोसंबी झडली. आता पुढचे दिवस मोजा. मंगळवारी, 13 तारखेला महाशिवरात्रीची सुट्टी. परळीला वैद्यनाथाची यात्रा, आणि गावोगावच्या महादेवाच्या देवळांत दर्शनाची रांग. आमच्या धर्मापुरीचं केदारेश्वराचं देऊळ चालुक्यांच्या काळातलं, बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींच्या मूर्ती कोरलेल्या. शिवरात्रीला माणसांचे पाय तिकडे वळणारच. आणि पीक विम्याचा त्या वेळचा नियम असा की, गारपिटीच्या नुकसानीची खबर 48 तासांत द्यायची. रविवारी गारा पडल्या, मंगळवारी मुदत संपली. बँक आणि कृषी कार्यालय उघडं असेल असा मधला दिवस एकच, सोमवार. ज्याला हे माहीत होतं तो सोमवारी तालुक्याला गेला. ज्याला माहीत नव्हतं तो चिखलात पडलेली कणसं उचलत बसला, आणि त्याला दोष कसा द्यायचा? पुढे 1 ऑक्टोबर 2018 पासून ही मुदत 72 तासांवर नेली, ते योग्यच झालं.

आता तीही वाट राहिलेली नाही. 2025 च्या खरिपापासून आपल्या राज्यात विम्याची भरपाई एकेका शेताच्या नुकसानीवर नाही, तर पीक कापणी प्रयोगातल्या उत्पादनावर ठरते. म्हणजे गारपिटीत एकट्यादुकट्याचं शेत गेलं तर सरकारी मदतीचा आधार उरतो, आणि ती पंचनाम्यावर मिळते. 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच शेतकरी तिला पात्र ठरतो. 2015 पूर्वी ही अट 50 टक्क्यांची होती. म्हणून सांगतो, पाऊस थांबल्यावर आधी शेताचे फोटो काढा, मग कामाला लागा. पंचनामा होण्याआधी पीक उचललं तर दाखवायला काही उरत नाही. आणि पंचनाम्याची वाट पाहत बसलं तर पीक कुजतं. या दोन्हींच्या कात्रीत माणूस दरवेळी सापडतो. तलाठ्यांनी आणि कृषी सहायकांनी उघडिपीच्या पहिल्याच दिवशी बांधावर पोचावं, मग त्या दिवशी सुट्टी असो वा नसो, असं मला कळकळीनं वाटतं.

सगळ्याच वर्षी उघडीप मिळते असंही नाही. 2014 साली महाशिवरात्रीच्या सुमाराला सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत, पार होळी तोंडावर येईतो चालली. दोन दिवस ऊन पडायचं, लोक काढणीला हात घालायचे, की पुन्हा आभाळ. अशा वेळी वरवर सारख्याच दिसणाऱ्या दोन सकाळींत फार फरक असतो. एकीच्या मागे चार कोरडे दिवस असतात, दुसरीच्या मागे नवं वादळ. नुसत्या डोळ्यांनी हा फरक ओळखता येत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. त्यात पुढच्या दिवसांचा पाऊस, वारा, तापमान दिलेलं असतं. इशारा ऐकून झाल्यावर हा सल्लाही ऐका. काढणी आज करायची की थांबायचं, हे त्यावरून ठरवता येतं.

उघडीप मिळाली की पहिल्या सकाळी रानात शिरायची घाई होते. पण आपली जमीन काळी, भारी. वाफसा आल्याशिवाय तिच्यात पाय घालू नये, बैल नाही आणि ट्रॅक्टर तर नाहीच. मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा तसाच राहिला तर अजून ओल आहे. फुटून भुगा झाला तर वाफसा आला. तोवर पाणी साचलं असेल तिथे चर काढून द्यावा, एवढंच काम.

ज्वारी लोळली असेल तर मातीला टेकलेली कणसं आधी पाहावीत. दाणा पक्व झाला असेल आणि कणीस ओल्या मातीवर दोन-तीन दिवस पडून राहिलं, की दाणा काळा पडतो, कधी त्याला कोंबही येतो, आणि आडतीवर भाव पडतो. म्हणून संपूर्ण काढणीची वाट न पाहता अशी कणसं खुडून ताडपत्रीवर पसरावीत. हरभऱ्याची आंब पावसानं धुऊन गेलेली असते, घाटे अळीवर नजर ठेवावी लागते. पिकलेला हरभरा भल्या सकाळी, दव असतानाच काढावा. उन्हं वर आली की घाटे गळतात.

आणि थंडी. विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे मोकळे होतात, रात्री आभाळ निरभ्र असतं आणि जमिनीची ऊब निघून जाते. 2018 च्या डिसेंबर अखेरीला परभणीच्या विद्यापीठात पारा 2 अंशांपर्यंत उतरला होता. तेव्हा कोरडे दिवस म्हणजे उबदार दिवस असं कुणी समजू नये. लहान वासरं, शेळ्यांची करडं पावसात भिजलेली असली तर पहिली कोरडी रात्रच त्यांच्यावर जास्त बेतते. गोठ्यात कोरडं बसायला द्या, उत्तरेच्या बाजूला पोत्याचा आडोसा करा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. हे सारं करायला हात कुठे आहेत? हिवाळ्यात बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात. तोच पाऊस त्यांच्या कोप्यांवर पडतो, चूल विझते, अंथरूण भिजतं, आणि फड चिखलात असेतोवर मजुरी बुडते. त्यांच्या उघडिपीची चौकशी कोणत्याच अंदाजात नसते. इकडे गावात उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ज्यांच्या घरी जनावरं आहेत अशा बाया. दोन एकर आडवी ज्वारी चार दिवसांत उचलायची म्हटलं तर रोजानं माणूस मिळत नाही.

पण या ऋतूत सुट्ट्या जोडून येतात. 2018 सालीच पाहा, गारपिटीनंतरच्या शनिवार-रविवारला लागून सोमवारी शिवजयंती आली होती. अशा सुट्टीत पुण्याहून, संभाजीनगरहून आपली मुलं, भाऊ, जावई गावाकडे येतात. देवदर्शन करतात, किल्ला पाहतात, हुरडा खातात. यावं, जरूर यावं. माझी त्यांना एक विनंती आहे. यायच्या आधी घरी फोन करून विचारा, ‘आबा, पाऊस उघडला का? रानात काय पडलंय?’ आणि आल्यावर एक सकाळ रानाला द्या. चार माणसं एका सकाळी जेवढी कणसं खुडतील, तेवढ्याला एकट्या आईला आठवडा जातो. फोटो काढून देणं, पंचनाम्याचा अर्ज लिहिणं, तलाठ्यांना फोन लावणं, ही कामं तर तुम्हालाच लवकर जमतील. परत निघताना शुक्रवारच्या आणि मंगळवारच्या सल्ल्याचा संदेश घरातल्या मोबाइलवर येतोय ना, तेवढं पाहून निघा.

आणि कडब्याचं एक. कणसं उचलली की कडबा लगेच रचायची घाई करू नका. पेंढ्या उभ्या करून, त्यांच्यात वारा खेळेल अशा ठेवून दोन-तीन उन्हं द्या, बुडखा हातानं मोडून पाहा, आणि कडकन मोडला तरच गंजीला लावा. ओल्या कडब्याला आतून बुरशी धरते, ती बाहेरून दिसत नाही, आणि उन्हाळ्यात जनावर तो खाऊन आजारी पडतं.