परक्या पानावरचे आपले लेखन

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेतील काही विद्यार्थ्यांनी मध्यंतरी आम्हाला एक प्रश्न विचारला. प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, "आम्ही लिहितो ते आपल्याच स्मरणिकेत छापून येते आणि आपलीच माणसे ते वाचतात. ज्यांना हे कळले पाहिजे, त्यांच्या घरी आपली स्मरणिका जातच नाही. मग दुसऱ्यांच्या दैनिकात, मासिकात, विशेषांकात आम्ही लिहावे काय? की ती परक्याच्या शेतातली वेठबिगारी ठरेल?" आजच्या व्याख्यानासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे.

आम्ही बँकेतील कारकून. साहित्यिक म्हणून नव्हे, तर जमा आणि नावे यांचा हिशेब मांडण्याची सवय असलेला माणूस म्हणून आपल्यापुढे उभे आहोत. तेव्हा या प्रश्नाचाही हिशेब मांडून पाहू.

प्रथम हे ठरविले पाहिजे की आपण कोणासाठी लिहितो. सर्वांसाठी लिहिलेले पत्र कोणाच्याच पत्त्यावर पोहोचत नाही. शिष्यवृत्तीचे उदाहरण घेऊ. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रक्कम आता विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. खाते आधारशी जोडलेले नसेल तर अर्ज मंजूर होऊनही पैसे हाती पडत नाहीत. दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय धरले जाते. काउंटरवर बसून आम्ही अशी मुले पाहतो, की ज्यांच्या घरी हे कोणी सांगितलेलेच नसते. आता ही माहिती कोणाला हवी? वस्तीतल्या पालकाला आणि अकरावीत गेलेल्या मुलीला. त्यासाठी मोठ्या दैनिकात दोन रकाने मिळविण्याची खटपट कशाला? आपले पत्रक, विहारातील फळा, पौर्णिमेच्या कार्यक्रमातील पाच मिनिटे पुरेशी आहेत. परंतु शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही म्हणून मुले शिक्षण सोडतात, ही गोष्ट ज्या अधिकाऱ्याच्या, लोकप्रतिनिधीच्या व सुशिक्षित नागरिकाच्या कानी जायला हवी, तो आपल्या विहारात येत नाही. त्याच्या घरी जे पत्र जाते, त्याच पत्रातून आपल्याला त्याच्या दारात जावे लागेल. विषय एकच, पण वाचक दोन. म्हणून पानेही दोन. एवढा विवेक ठेवला तर निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेल्या निम्म्यासाठी आपण आपल्या इतिहासाकडे वळू. परक्या पानावर लिहिणे आपल्याला नवे नाही. किंबहुना आपल्या लेखनाचा आरंभच तेथून झाला. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला 'ज्ञानोदय'ने. हे पत्र अमेरिकन मिशनऱ्यांचे होते, ते मुक्ताबाईच्या समाजाचे नव्हते. त्या काळी तिच्या समाजाजवळ छापखाना नव्हता, पत्र नव्हते आणि वाचता येणारी माणसेही बोटांवर मोजण्याइतकीच होती. परक्या पत्राने जागा दिली म्हणून तो निबंध टिकला आणि आज आपल्या हाती आहे. पुढे गोपाळबाबा वलंगकरांनी सत्यशोधकांच्या 'दीनबंधु'तून लेखन केले. स्वतःचे घर नसते तेव्हा माणूस शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून बोलतो. त्यात कमीपणा नाही.

परंतु ओटा शेजाऱ्याचा असतो, हेही विसरता येत नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. त्या पहिल्या अंकाच्या अग्रलेखात बाबासाहेबांनी आपण आज करतो आहोत तोच विचार केलेला आढळतो. इतर पत्रे पुष्कळ असताना आणखी एक पत्र कशाला, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. 'दीनमित्र', 'जागरूक', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोध पत्रिका' अशा पत्रांतून बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते, हे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. मात्र त्या पत्रांना इतर अनेक जातींचे प्रश्न हाताळायचे असतात, म्हणून बहिष्कृतांच्या प्रश्नांचा सांगोपांग ऊहापोह होण्याइतकी जागा तेथे मिळणे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मित्रहो, येथे शेजाऱ्याला शिवी दिलेली नाही. त्याच्या घरात जागा किती आहे, एवढेच मोजले आहे. आणि काही घरांत तर तेवढीही जागा नव्हती. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही, हे सर्वज्ञात आहे.

म्हणून बाबासाहेबांनी आयुष्यभर स्वतःची पत्रे चालविली. १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने लिहून काढावे लागत. एवढा त्रास सोसणाऱ्या माणसाने परक्या पत्रांकडे पाठ फिरविली असेल, असे आपल्याला वाटेल. पण तसे झाले नाही.

१६ जानेवारी १९१९ रोजी, म्हणजे स्वतःचे पत्र निघण्यापूर्वी, 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक महार' या सहीने होमरूलविषयी त्यांचे पत्र छापून आले. त्याच महिन्यात मताधिकाराच्या प्रश्नावर साऊथबरो समितीपुढे त्यांची साक्ष व्हायची होती. त्या पत्राचा वाचक वस्तीतला कामगार नव्हता. राज्यकर्ता आणि इंग्रजी शिकलेला पुढारी होता. म्हणून भाषाही त्याची आणि पत्रही त्याच्या टेबलावरचे.

१९३३ च्या फेब्रुवारीत गांधीजींचे 'हरिजन' सुरू झाले. पहिल्या अंकासाठी त्यांनी बाबासाहेबांकडे संदेश मागितला. बाबासाहेबांनी स्तुतीचा संदेश दिला नाही. जातिव्यवस्था आहे तोवर अस्पृश्यता राहणार, जाती नष्ट झाल्याशिवाय अस्पृश्यांची सुटका नाही, हे आपले मत त्यांनी थोडक्यात लिहून पाठविले. ते छापून आले, शेजारी गांधीजींचे उत्तरही आले. परक्या पानावर कसे जावे, याचा हा वस्तुपाठ आहे. बाबासाहेब बोलावल्यावर गेले, पण यजमानाच्या आवडीचे बोलायला गेले नाहीत. उत्तर यजमान देणार हेही त्यांनी गृहीत धरले. 'हरिजन'च्या ज्या वाचकाने 'जनता' कधी हातात धरला नसता, त्याच्यापुढे त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत गेले.

आता उलट बाजू पाहा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण लिहून तयार झाले. त्यातील काही मजकूर मंडळाला अडचणीचा वाटला, तो गाळावा अशी सूचना झाली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. दीड हजार प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. गांधीजींनी त्यावर 'हरिजन'मध्ये टीका केली, तिला उत्तर देऊन दुसरी आवृत्ती निघाली. हेच पुढे जगभर गेलेले 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. यातून आम्ही एक नियम काढतो. यजमान जागा कमी देत असेल तर घ्यावी, भाषा सौम्य करा म्हणत असेल तर विचार करावा. पण मूळ मुद्दाच काढून टाका म्हणत असेल तर नमस्कार करून परत यावे आणि आपल्या पानावर छापावे. मात्र परत यायला आपले पान असले पाहिजे.

१९७२ चे उदाहरणही विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 'साधना' साप्ताहिकाने विशेषांक काढला. त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि महाराष्ट्रात वादळ उठले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव घराघरांत गेले. जे लघुअनियतकालिकांच्या मर्यादित वर्तुळात राहिले असते, ते परक्या पत्रामुळे सर्वांपुढे आले. हा लाभ. पण राष्ट्रध्वजाविषयीच्या शब्दांवरच वाद माजला आणि दलित स्त्रियांवरील अत्याचारांचा मूळ प्रश्न पुष्कळांच्या नजरेआड झाला. हा खर्च. परक्या वाचकाला आपल्या दुःखाची पार्श्वभूमी ठाऊक नसते. तो एक वाक्य उचलतो आणि त्यावरच निकाल देतो. जेथे जायचे तेथे हे धरून चालावे लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे उदाहरण आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे. कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या मुखपत्राच्या संपादकांनी वैशाख अंकासाठी बाबासाहेबांकडे लेख मागितला. १९५० साली 'बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य' या विषयावरील त्यांचा इंग्रजी लेख त्या अंकात आला. अनागारिक धर्मपालांनी स्थापन केलेल्या या संस्थेचे पत्र बौद्ध विषयात रस असणाऱ्या देशोदेशींच्या वाचकांकडे जात असे. बौद्ध वाङ्मय अफाट आहे, सामान्य माणसाला हाती धरता येईल असा एक ग्रंथ नाही, ही उणीव बाबासाहेबांनी त्यात दाखविली. लेख प्रसिद्ध झाल्यावर असा ग्रंथ आपणच लिहा, अशी मागणी लोकांनी पत्रांनी व तोंडी केली. त्या मागणीमुळेच आपण हे काम हाती घेतले, असे त्यांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी ६ एप्रिल १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. विहाराविहारांतून आपण ज्याचे वाचन करतो, त्या ग्रंथाची प्रेरणा एका पाहुण्या लेखाने जागविली. येथे बाबासाहेबांनी आपल्याला हव्या त्या वाचकाचे पत्र मिळाल्यावर, त्या वाचकाच्या मनातील उणिवेवर नेमके बोट ठेवले. म्हणून वाचक नुसता वाचून थांबला नाही, तो परत बोलला. लेख पोहोचला की नाही, याची खूण हीच. अंक किती खपला यापेक्षा, वाचून कोण आपल्याकडे आले हे पाहावे.

पूर्वी बँकेत खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. त्याची सही झाली की नव्या माणसावर विश्वास बसे. परक्या पत्रातील लेख हा अशाच ओळखीच्या सहीसारखा असतो. संपादकावर वाचकाचा जो विश्वास आहे, त्यातील थोडा आपल्याला उसना मिळतो. परंतु ओळख देणारा आपल्या खात्यात पैसे भरत नाही. ते आपल्यालाच भरावे लागतात. स्वतःचे खाते रिकामे असेल, म्हणजे आपले पत्र, आपले वाचन मंडळ, आपली संस्था बळकट नसेल, तर लेख वाचून आलेला माणूस दार ठोठावून परत जाईल.

लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. ज्या पत्राकडे लेख पाठवायचा, त्याचे मागील चार-पाच अंक आधी वाचा. तेथे कोण वाचक आहे ते कळते. लेखात मुद्दा एकच ठेवा आणि तो पहिल्या परिच्छेदातच सांगा, कारण जागा कमी पडली की कात्री शेवटाला लागते. आमच्या परिचयातील एका विद्यार्थिनीने वसतिगृहातील पाण्याच्या हालांवर एका पुरवणीसाठी लेख लिहिला होता. मागणी शेवटच्या ओळीत होती, तीच कापली गेली आणि उरले फक्त रडगाणे. तिसरी गोष्ट, मूळ प्रत जपून ठेवा आणि लेख पुढे आपल्या अंकात पुन्हा छापण्याची परवानगी आधीच विचारून घ्या. चौथी, लेखाखाली नुसते नाव घालू नका. संस्थेचे नाव व गाव घालण्याची विनंती करा, म्हणजे वाचकाला आपला माग लागेल.

तेव्हा आमचे उत्तर असे. परक्या पानावर जरूर लिहावे. पण वाचक ठरवून लिहावे, मूळ मुद्दा विकून लिहू नये, आणि आपले पान ओस टाकून लिहू नये. या स्मरणिकेसाठी वर्गणी गोळा करणारे, मुद्रिते तपासणारे आपले कार्यकर्ते थकले तर 'हरिजन'ला उत्तर देता येईल अशी 'जनता' आपल्याजवळ उरणार नाही. मुक्ताबाईला स्वतःचे पान नव्हते. आपल्याला ते मिळाले आहे, आणि बाहेरची दारेही पूर्वीपेक्षा अधिक उघडी आहेत. दोन्हींचा उपयोग करणे हे आपल्या हाती आहे. पुढील अंकापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने एक लेख आपल्यांसाठी आणि एक बाहेरच्यांसाठी लिहावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम.