छपरावरचें ऊन

वऱ्हाडांतील उन्हाळा कसा असतो हें वऱ्हाडच्या माणसास कोणी सांगावें असें नाहीं. तथापि या उन्हाळ्याचा आपल्या घराशीं जो व्यवहार चालतो, त्याचा जमाखर्च आपण क्वचितच मांडतों. आज तो थोडक्यांत मांडावयाचा आहे. त्यासाठीं बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार तालुक्यांतलें सुलतानपूर हें गांव आपण डोळ्यांपुढें ठेवूं. आपणांपैकीं पुष्कळजण शहरांत राहत असले, तरी पुष्कळांचें वडिलोपार्जित घर अशाच एखाद्या गांवीं असेल, आणि त्या घरावर पत्रे घालावे कीं स्लॅब टाकावा, हा प्रश्न केव्हांतरी पत्रानें अथवा टेलिफोनवरून आपणांस विचारला गेलाच असेल.

सुलतानपूर हें २० अंश उत्तर अक्षांशाच्या अगदीं जवळ आहे. यामुळें मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत भर दुपारीं सूर्य येथें बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहींशी होते. म्हणजे उन्हाळा अगदीं कडक असतांना उन्हाचा मुख्य मारा घराच्या भिंतींवर होत नसून छपरावर होतो. एकमजली घराचा विचार करावयाचा तर प्रथम छपराचा करावा लागतो, त्याचें कारण हें.

जुन्या लोकांनीं हा विचार केलेला होता. या भागांतील धाब्याचें घर आपण पाहिलेंच असेल. भिंती काळ्या दगडाच्या किंवा पांढऱ्या मातीच्या. वर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचनाचा थर, आणि त्यावर सुमारें एक फूट माती. पावसाळ्यापूर्वीं त्यावर खारी पसरावयाची, कीं गळती थांबते. या मातीचा गुण असा कीं, ती उष्णता सावकाश आंत घेते आणि सावकाशच पुढें देते. एक फूट मातींतून दुपारच्या उन्हाची लाट खालीं पोंचण्यास आठ-दहा तास लागतात. आणि तोंपर्यंत तिचा जोर इतका ओसरतो कीं खालच्या माणसास ती फारशी जाणवत नाहीं. उलट सहा इंची स्लॅबमधून तीच लाट चारेक तासांत खालीं उतरते, आणि पुष्कळसा जोर राखून उतरते. शेतांतून किंवा कचेरींतून दमून घरीं आलेला माणूस संध्याकाळीं पंख्याखालीं बसतो, तेव्हां तो पंखा त्याच्या अंगावर स्लॅबची दुपारच लोटीत असतो.

मग धाबें सोडून लोक स्लॅबकडे आणि पत्र्यांकडे कां वळले? ही केवळ हौस किंवा शहरी अनुकरण आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. धाब्यास दरवर्षीं मेहनत लागते, लांकूड महाग झालें आहे, आणि वाळवी व गळती यांचा त्रास निराळाच. परंतु याहून गंभीर कारण एक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत त्यांत सुमारें ८,००० माणसें मृत्यू पावलीं, आणि त्यांतील बहुतेक मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरचें माळवद यांखालीं सांपडलीं. शंभर चौरस फुटांच्या एका खोलीवर फूटभर माती घातली, तर तिचें वजन साडेचार टनांहून अधिक भरतें. जें छप्पर उन्हांत माउलीसारखें सांभाळीत होतें, त्यानेंच त्या पहाटे प्राण घेतले. ही गोष्ट विसरून जुन्या घरांचे गोडवे गाणें बरें नव्हे.

म्हणून प्रश्न जुन्याकडे परत जाण्याचा नाहीं. मातीचा गुण घ्यावयाचा, आणि तिचें वजन टाळावयाचें, असा तो आहे. येथें थोडें गणित करूं. छपराच्या एका चौरस मीटरमधून, आंतबाहेर एका अंशाचें अंतर असतां, किती वॅट उष्णता आंत येते, यावरून छपराची पारख करतात. उघड्या स्लॅबसाठीं हा आंकडा सुमारें सव्वातीन येतो. एक फूट मातीच्या धाब्याचा हिशेब मांडला, तर तो एक ते सव्वा इतकाच भरतो. आतां शंभर चौरस फुटांची खोली घ्या. छपरावर ऊन धरून ६० अंश आणि आंत ३२ अंश आहेत असें समजा. उघड्या स्लॅबमधून आठशेंहून अधिक वॅट उष्णता सारखी आंत उतरत राहील. जुन्या बनावटीचे अकरा पंखे जितकी वीज खातात, जवळजवळ तितकी ही उष्णता झाली! ती बाहेर काढण्यासाठीं मग आपण कूलर आणतों. त्या कूलरला वीज लागते, आणि पाणीही लागतें. आणि बुलढाणा जिल्ह्यांत मे महिन्यांत पाण्याची काय किंमत असते, हें घागर वाहणाऱ्या बाईस विचारावें.

यावरचा उपाय अवघड नाहीं. जिच्यांत हवेचे असंख्य बारीक कप्पे बंद करून ठेवलेले असतात, अशी वस्तु उष्णतेस अडविते. थंडींत गोधडी ऊब देते ती याच कारणानें. थर्मोकोलच्याच जातीचा, पण अधिक घट्ट असा फोमचा एक इंच जाडीचा थर स्लॅबवर घातला, तर वरील आंकडा सव्वातीनवरून एकाच्या आसपास उतरतो, म्हणजे धाब्याच्या बरोबरीस येतो. आणि वजन? शंभर चौरस फुटांस आठ-नऊ किलो! हा थर स्लॅबच्या वर घालावा. खालीं लावल्यास स्लॅब मधल्यामध्यें तापत राहतो आणि दिवसाच्या उन्हानें व रात्रीच्या गारव्यानें त्यास भेगा पडण्याचें भय वाढतें. आधीं स्लॅबची गळती बंद करावी, मग फोम, आणि त्यावर गिलावा करून चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी बसवावी. फोम उघडा मात्र कधींही ठेवूं नये. तो उन्हानें झिजतो आणि आगीस बळी पडतो.

ज्यांस एवढा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं निदान चुना विसरूं नये. करडा स्लॅब उन्हाचा सुमारें तीन दशांश भागच परत फेंकतो; ताज्या चुन्याचा पांढरा हात सात दशांशांहून अधिक परत फेंकतो. धुळीनें तो मळतो, म्हणून दर फाल्गुनांत पुन्हा द्यावा लागतो, इतकेंच. पत्र्याच्या घरांत तर बांबूच्या तट्ट्याचें माळ्यासारखें आच्छादन करून, पत्रा आणि तट्टा यांमध्यें हवा खेळती ठेवली, तरी घरांतील म्हाताऱ्या माणसांची दुपार पुष्कळ सुसह्य होते.

भिंतींची गोष्ट थोडक्यांत सांगतों. सिमेंट तयार होतें तें सुमारें १,४५० अंशांवर भाजून. वीटही भट्टींतूनच निघते. म्हणजे पंखा लावण्यापूर्वींच घरानें कोळसा खाल्लेला असतो. पारस, कोराडी, खापरखेडा येथील वीजकेंद्रांतून निघणाऱ्या राखेच्या विटांस भट्टी लागत नाहीं, हा त्यांचा मोठा लाभ आहे. मात्र उष्णता अडविण्यांत त्या साध्या विटेहून फारशा सरस नाहींत. तें काम सच्छिद्र हलके ठोकळे अधिक चांगलें करतात. निदान पश्चिमेच्या भिंतीस ते वापरावे, किंवा त्या भिंतीस एखाद्या निंबाची सावली द्यावी.

सरकारनेंही या बाबतींत पाऊल टाकलें आहे. २००१ सालीं ऊर्जासंरक्षणाचा कायदा झाला; डिसेंबर २०१८ मध्यें राहत्या घरांसाठीं इको-निवास संहिता निघाली. तिनें छपरासाठीं घालून दिलेली मर्यादा १.२ ही आहे. म्हणजे सुलतानपूरसारख्या गांवांतील निरक्षर गवंड्यानें फूटभर माती टाकून जें साधलें होतें, त्याच आंकड्याशीं आपलें शास्त्र येऊन ठेपलें आहे. फरक इतकाच कीं आतां तेंच काम त्या वजनावांचून, म्हणजे त्या मरणाच्या भयावांचून, होऊं शकतें.

तेव्हां पुढच्या वेळीं गांवाहून घराविषयीं विचारणा आली, तर सळई किती आणि सिमेंट किती, एवढ्यावर थांबूं नका. छपरावर काय घालणार, हेंही ठेकेदारास विचारावयास सांगा. घर बांधतांना हा खर्च एकदांच करावयाचा असतो. तो वांचविला, तर विजेच्या रूपानें तो दरवर्षीं भरावा लागतो, आणि ज्यांस वीज परवडत नाहीं ते तो आपल्या झोपेनें भरतात.