घराचा पहारा कोणाच्या मोबाइलवर?

(कराड येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला आज कॅमेऱ्यांविषयी बोलायला सांगितले आहे. मी इंजिनिअर नाही. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, येथे कराडात पेठेतल्या जुन्या घरात एकटी राहते, आणि तीन वर्षांपूर्वी घराला कॅमेरे बसवताना जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या केल्या. त्या चुकांच्या भांडवलावर मी तुमच्यासमोर उभी आहे.

अलीकडे गटाच्या बैठकीत कोणी ना कोणी विचारतेच, ‘बाई, कुठल्या कंपनीचा घेऊ?’ या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी देते. आधी दोन घरे बघू. दोघींची नावे सांगणार नाही, गावेही बदलली आहेत.

पहिली मलकापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत मुलीला घेऊन राहते. नवऱ्यापासून वेगळी आहे. तो रात्री पिऊन येतो, दाराला लाथा घालतो, शिव्या देतो आणि पोलीस येईपर्यंत निघून जातो. शेजारी म्हणतात, ‘आम्ही झोपलो होतो.’ ठाण्यावर विचारतात, ‘पुरावा काय?’ हिला कॅमेरा पाहिजे.

दुसरी पाटण भागातली. आपल्या या डोंगरी भागातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी कामाला जातात, हे तुम्हाला नवीन नाही. पूर्वी तिकडून मनीऑर्डर यायची. आता या घरात सोप्यात एक आणि स्वयंपाकघरात फळीवर एक कॅमेरा आला आहे. कारण सांगितले ‘चोऱ्या वाढल्यात’. चोर काय चुलीपाशी बसून राहणार आहे? त्या कॅमेऱ्याला ऐकायचा कान आहे आणि बोलायचे तोंडही आहे. ही भाकरी थापत असते आणि फळीवरून नवऱ्याचा आवाज येतो, ‘मघाशी कोण आली होती? एवढा वेळ काय बोलत होतीस?’ ती मला म्हणाली, ‘बाई, सासू तरी दुपारी झोपायची.’

वस्तू एकच आहे. एकीला ती आधार वाटते, दुसरीच्या गळ्याला फास. फरक कंपनीचा नाही. रेकॉर्डिंग कोणाच्या ताब्यात आहे, एवढाच फरक आहे. सातारा-सांगली पट्ट्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या बरोबरच्या बायांनी परित्यक्तांचे काम उभे केले, तेव्हा प्रश्न होता रेशनकार्ड कोणाच्या नावाचे, घर कोणाच्या नावाचे. ग्रामपंचायतीच्या आठ-अ उताऱ्यावर बाईचे नाव यावे म्हणून आपण खेटे घातले. आता त्याच यादीत एक ओळ वाढवा : घराच्या कॅमेऱ्याचे खाते कोणाच्या नावाचे?

आता माझी गोष्ट. कॅमेरेवाला आला, चांगला पोरगा होता. मी काही विचारले की म्हणायचा, ‘काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी करतो सगळं.’ त्याने सगळे केले. खाते त्याच्याच मोबाइल नंबरवर उघडले, पासवर्ड त्यानेच ठरवला. आठ महिने माझे अंगण तो त्याच्या दुकानात बसून बघू शकत होता. बघत होता असे मी म्हणत नाही. पण मी मात्र पासवर्ड विसरले तेव्हा नवीन पासवर्डचा आकडा त्याच्या फोनवर गेला. तेव्हा माझी ट्यूब पेटली. ज्याच्या नंबरवर तो आकडा येतो, तो खरा मालक. म्हणून खाते उघडताना फोन तुमच्या हातात, नंबर तुमचा, पासवर्ड तुम्ही स्वतः टाकायचा आणि त्याला म्हणायचे, ‘दादा, जरा तोंड तिकडे कर.’ लाजू नका, एटीएमपाशी करतोच की. डब्याबरोबर कारखान्यातून आलेला साधा पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डिंगचे डबे ताब्यात घेतले होते, ते असेच कोणी पासवर्ड न बदललेले. अ‍ॅपमध्ये ‘शेअर’ केलेल्यांची यादी असते, तीही महिन्यातून एकदा उघडून बघा. वेगळ्या झालेल्या नवऱ्याला वायफायचा जुना पासवर्ड ठाऊक असेल तर तोही बदला.

दोन प्रकार बाजारात मिळतात. एक सुटा वायफाय कॅमेरा, आत मेमरी कार्ड. स्वस्त, भाड्याच्या घराला बरा, घर बदलले की पिशवीत घालून नेता येतो. पण कॅमेराच उपटून नेला तर कार्डही गेले. म्हणून तो हात पोचणार नाही असा लावावा लागतो. दुसरा प्रकार तारेचा : बाहेर कॅमेरे, आत रेकॉर्डिंगचा डबा, ज्याला डीव्हीआर म्हणतात, आणि डब्यात हार्ड डिस्क. डबा टीव्हीखाली ठेवू नका. माझ्याकडे तो सहा महिने टीव्हीखालीच होता, येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा हे काय. आता तो वरच्या माळ्यावर कपाटात आहे, मागे हवा खेळेल अशी जागा सोडून. नदीकाठच्या बायांना वर ठेवण्याचे दुसरे कारण सांगायला नको. २००५ आणि २०१९ चे पाणी त्यांनी घरात पाहिले आहे.

रेकॉर्डिंग किती दिवस राहते, हे कोणी विचारत नाही आणि घोळ येथेच होतो. हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दिवसरात्र चालू ठेवला तर नेहमीच्या सेटिंगवर दिवसाला साधारण २१-२२ जीबी जागा खातो. चार कॅमेरे म्हणजे ८५ च्या आसपास. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवे चढत जाते. आपल्या बाया तक्रार द्यायला किती दिवसांनी येतात? माहेरचे येणार, बैठक होणार, ‘एवढ्या वेळी सांभाळून घे’ होणार, तोवर तीन आठवडे गेले. पुरावा पुसला गेला. म्हणून चार स्वस्त कॅमेऱ्यांपेक्षा दोन चांगले घ्या आणि डिस्क मोठी घ्या. डिस्क कॅमेऱ्यांसाठी बनवलेली मागा. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्याने लवकर थकते. आणि काही घडले तर त्याच दिवशी तेवढा भाग पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. तक्रार द्यायची की नाही ते नंतर ठरवा.

कॅमेरा कुठे लावायचा? कॅमेरेवाले पंधरा फुटांवर टांगतात, त्यातून सगळ्या गल्लीची डोकी दिसतात आणि ओळखू कोणीच येत नाही. दारापाशी आठ-नऊ फूट पुरे. उंबऱ्यावर उभ्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे. लावल्यावर रात्री दिवे घालवून कोणाला तरी दारात उभे करा आणि मोबाइलवर बघा. समोर रस्त्याचा दिवा असेल तर सगळे पांढरे फटक दिसते. काचेसमोर कोळी जाळे विणतो, त्यावर कॅमेऱ्याचा लाल उजेड पडून चित्र धुरकट होते. महिन्यातून एकदा केरसुणी फिरवायची. माझे तर म्हणणे आहे की आधी दाराबाहेर एक चांगला दिवा लावा. शेजारच्या ओगलेवाडीच्या कारखान्यात बनलेला प्रभाकर कंदील एके काळी गावोगाव लटकत असे, आणि आपण अंधारात कॅमेरा बसवायला निघालो आहोत. वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, आणि दारूडा नवरा नेमका तेव्हाच येतो. कॅमेरा, डबा आणि वायफाय तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. नुसता डबा इन्व्हर्टरवर ठेवून मी एक पावसाळा कोरडा अंधार रेकॉर्ड केला.

स्वतःचे दार राखताना दुसरीचे उघडे करायचे नाही. परसदारी न्हाणी असते, शेजारणीचे कपडे वाळत असतात. तेवढा भाग सेटिंगमध्ये काळा करता येतो, तो करून घ्या आणि शेजारणीला मोबाइलवर दाखवा. घरात, झोपायच्या खोलीत, मुलींच्या खोलीत कॅमेरा नको. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सांगितले. कलकत्त्याला दोन भावांच्या एकत्र घरातल्या भांडणात, दुसऱ्या राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरा लावता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने २०२५ साली ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. भाऊ कोर्टात गेला म्हणून हा निकाल लागला, पण तो सुनेलाही उपयोगी पडावा, हे आपले काम आहे. बाई अंघोळ करताना, कपडे बदलताना चोरून बघणे किंवा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे शिक्षा. आणि स्वयंपाकघरातली ती बोलणारी फळी? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही हिंसाच आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देताना कॅमेऱ्याचा उल्लेख स्पष्ट करा. मात्र एक सांभाळा. अशा बाईला ‘उपटून फेक’ असा सल्ला देऊ नका. कॅमेरा बंद झाला की त्या क्षणी त्याला तिकडे कळते, आणि मार तिला बसतो. आधी तिची सुरक्षित जागा ठरवा, मग तारेला हात लावा.

कोर्टात काय लागते तेही ऐका. २०१४ च्या निवडणुकीत जालन्याला उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, यावर वाद झाला आणि सगळे येऊन अडले निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगवर. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात सांगितले की नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र पाहिजेच. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक तुमचा, एक तज्ज्ञाचा. म्हणून डब्याचे घड्याळ बरोबर ठेवा. माझ्याकडे पहिले वर्षभर चुकीची तारीख होती. मूळ रेकॉर्डिंग कापू-छाटू नका. पोलिसांनी डबा नेला तर जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या. आणि हो, ती क्लिप गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. बाईच्या अब्रूचा तमाशा करायला गावात माणसे कमी नाहीत, त्यात आपण भर घालायला नको.

जाता जाता, ठाण्यावर बाईला हाकलून दिले तर तेथेही कॅमेरा असतो. डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात तो असला पाहिजे आणि रेकॉर्डिंग किमान वर्षभर राखले पाहिजे. अर्ज करा, तारीख आणि वेळ घालून करा.

आता कंपनी. ९ एप्रिल २०२५ पासून सरकारने कॅमेऱ्यांच्या सुरक्षेची तपासणी सक्तीची केली आहे. दुकानदाराला तपासणीचा कागद मागा, पक्के बिल घ्या, ते बाईच्या नावाचे घ्या. बाकी कंपन्यांत मला फारसा फरक दिसलेला नाही.

मलकापूरच्या मैत्रिणीने सुटा कॅमेराच घेतला, घरमालकिणीला विचारून आणि तिचे दार वगळून. पाचव्या रात्री तो आला. पुढच्या महिन्यात संरक्षणाच्या आदेशाच्या अर्जाला ते रेकॉर्डिंग जोडले. तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला त्याच्या वकिलाने समजावलेले दिसते. अजून केस चालू आहे.

पाटणच्या मैत्रिणीचे काम बाकी आहे. तिच्याकडे तालुक्यातल्या दोघीजणी जाऊन येणार आहेत, हळदीकुंकवाच्या निमित्ताने, म्हणजे फळीवरून विचारले तरी सांगता येईल. बोलायचे ते परसात बोलायचे.

जेवणानंतर मागच्या खोलीत माझा जुना डबा जोडून ठेवला आहे. प्रत्येकीने एकदा स्वतःच्या हाताने पासवर्ड बदलायचा आणि पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर उतरवायचे. पेन ड्राइव्ह तीनच आहेत, तेव्हा जेवणाला वेळ लावू नका.